चार पायडलं

मी दुपारी जेवायला घरी आलो, तर टेबलावर एक नवा कोरा कॉम्प्युटर आणि त्याला झेंडूचा हार. काचेच्या कॅबिनेटवर कुंकवाची बोटं, पुढ्यात फोडलेला नारळ, आणि आतले पंखे लाल-हिरवे-निळे होत गरगरतायत. गणपतीच्या मांडवात असतं ना, अगदी तसं. माझं जुनं मशीन कॉटखाली ढकललेलं होतं. त्याचं एका बाजूचं झाकण उघडं होतं.

आई म्हणाली, आधी पेढा घे. मग तिनं सगळं सांगितलं. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांचा वाढदिवस, त्यानिमित्त अपंगांना वस्तुवाटप. तिघांना सायकली, दोघींना शिलाई मशीन आणि आपल्या उदयला कॉम्प्युटर. साहेब स्वतः घरी आले, फोटो काढला, पाच मिनिटांत गेले. जोडून द्यायला शिरीष आला होता.

शिरीष म्हणजे चौकातला, नव्या मालाचा दुकानदार. मी एस.टी. स्टँडच्या मागं माझ्या लहानशा दुकानात जुनी मशीनं दुरुस्त करायचो. कराडात कुणाचा कॉम्प्युटर संथ झाला की शिरीष म्हणायचा, टाकून द्या, नवा घ्या. मी म्हणायचो, लिनक्स घाला, अजून पाच वर्षं पळेल. आमचं कधी जमलं नाही आणि जमायचं काही कारणही नव्हतं.

पेढा माझ्या हातातच होता. उदय, माझा थोरला भाऊ, खुर्चीत बसून स्क्रीनकडं बघत होता. माझ्याकडं बघायचं तो टाळत होता.

"दादा, जुन्यातली डिस्क कुठाय?"

"ह्यात घातली शिरीषनं. खेळ लई मोठा हाय, जागा पुरंना."

"आणि तिच्यावर होतं ते?"

"पुसलं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. पेढा मी खिडकीतून बाहेर भिरकावला आणि न जेवताच पायांत चपला घातल्या. आई मागून हाका मारत राहिली.

त्या डिस्कवर काय होतं ते सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. दादा चोवीस वर्षांचा असताना मामाच्या गुऱ्हाळावर ऊस घालताना त्याचा डावा हात चरकात गेला. अंगठा राहिला, चार बोटं गेली. त्याआधी तो कराडातला सगळ्यात भारी गेमर होता, आणि हे मी भाऊ म्हणून बोलत नाही. पेठेतल्या सायबर कॅफेत पाच जणांची टोळी होती त्यांची. बंदुकीच्या खेळात सातारा-सांगलीची पोरं मोठ्या तोऱ्यात यायची आणि तोंड पाडून जायची. ज्यानं असा खेळ खेळलाय त्याला ठाऊक आहे: उजव्या हातात माउस, त्यानं नेम धरायचा, डावा हात कीबोर्डच्या चार कळांवर, त्यांनी पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं पळायचं. दादाचा नेम शाबूत होता. पळायची बोटं गेली होती.

दोन वर्षं तो कॉम्प्युटरसमोर बसला नाही. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळायचा आणि घरी आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. टोळीतले चौघं सुरुवातीला यायचे, मग तेही कमी झालं. तेव्हा मी ही पायडलं केली. गावातल्या टेलरांकडून मोटारीच्या शिलाई मशीनची चार जुनी पायडलं गोळा केली, एका फळीवर ठोकली, त्यांच्या तारा मोडक्या जॉयस्टिकच्या बोर्डाला जोडल्या आणि माझ्या लिनक्सवर एक प्रोग्रॅम लिहिला. पायानं पायडल दाबलं की प्रोग्रॅमनं समजायचं, कीबोर्डची अमुक कळ दाबली. हाताचं काम पायाला दिलं. ते सगळं त्या डिस्कवर होतं. पहिल्या दिवशी दादा खेळातल्या भिंतीवर नुसता आपटत होता. महिन्याभरात त्यानं मला लोळवायला सुरुवात केली आणि आईनं शेजारणीला बोलावून ते दाखवलं.

मी त्यावर इंटरनेटवर लांबलचक लेख लिहिला. चार पायडलांचा फोटो, दादाच्या पायांचा फोटो, आणि शेवटी ठळक अक्षरांत: हे फक्त लिनक्सवरच होऊ शकतं. हजारो लोकांनी तो वाचला. कुठल्या कुठल्या देशांतून शाबासक्या आल्या. मी चार दिवस जमिनीवर नव्हतो.

मतं तर माझ्याकडं तेव्हा पोत्यानं होती. चहाच्या गाड्यावर जो सापडेल त्याला ऐकवायचो. नवं ग्राफिक्स कार्ड म्हणजे शुद्ध लूट. दर साली नवं, दर साली विटेएवढं जाड, गिझरइतकी वीज पिणारं, आणि एवढं करून खेळायचं काय, तर तोच जुना खेळ, फक्त डबक्यातलं पाणी जरा जास्त चमकतंय. जुनं मशीन मरत नसतं, त्याला मारतात. चांगल्या चालत्या मशीनला नवं विंडोज दारातच अडवतं, तुझं वय झालं म्हणून. आणि लिनक्स फुकट आहे हा मुद्दाच नाही, मी घसा फोडून सांगायचो, ते तुमच्या मालकीचं आहे हा मुद्दा आहे. काय चालवायचं आणि काय नाही हे तिथं तुम्हाला कुणी सांगत नाही. विंडोजचे खेळसुद्धा आता त्यावर पळतात, मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवला की झालं. थोडे पळत नाहीत, तर ते खेळूच नका, मरता काय त्याच्यावाचून? लिनक्सच्या चिन्हावर पेंग्विन असतो, म्हणून पोरं मला पेंग्विन महाराज म्हणायची. टिंगल होती ती, पण मी मानाची समजायचो.

दादाच्या खेळाची नवी आवृत्ती त्या थोड्यांतली होती. कुणी लबाडी करू नये म्हणून त्या खेळाबरोबर एक पहारेकरी प्रोग्रॅम यायचा. तो मशीनच्या पार आतल्या खोलीत ठाण मांडायचा, आणि लिनक्स दिसलं की खेळ सुरूच होऊ द्यायचा नाही. मी दादाला सांगितलं होतं, असल्या पहारेकऱ्याला घरात घेणं म्हणजे वॉचमनच्या हातात तिजोरीची किल्ली देणं. दादा मान हलवायचा. त्याला पटलंय असं मी धरून चाललो होतो.

तर मी तसाच तडक शिरीषच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक समोर असताना त्याला नाही नाही ते बोललो. फुकटची समाजसेवा कुणी सांगितली, दुसऱ्याच्या डिस्कला हात लावायची हिंमत कशी झाली, हार घालून फोटो काढला की कामं होतात काय, सगळं बोललो. शिरीषनं गिऱ्हाइकाला बसवून चहा मागवला आणि मला बाहेर पायरीवर घेऊन आला.

"निवास, मी दोनदा विचारलं उदयला, पुसू का म्हणून. तो म्हणाला, पूस, निवाला मी सांगतो," तो म्हणाला. "आणि अर्ज पण त्यानंच भरलाय. तीन महिने झाले त्याला. साहेबांच्या ऑफिसात पाच-सहा चकरा मारल्या त्यानं."

मी विचारलं, कशासाठी. शिरीष माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं होतं मला माहीत असेल. साताऱ्याला पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा होती. दादाची जुनी टोळी चार वर्षांनी पुन्हा उतरणार होती आणि पाचवा तो होता. चौघांनी त्याच्याशिवाय नाव द्यायचं नाकारलं होतं. हे सगळं गावाला ठाऊक होतं. एकाच खोलीत कॉटला कॉट लावून झोपणाऱ्या मला तेवढं ठाऊक नव्हतं.

घरी परत आलो तो दुप्पट पेटून. दादा पायडलांची फळी टेबलाखाली सरकवत होता. मी त्याला म्हणालो, मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं.

"सांगितलं असतं, तर तू भाषान दिलं असतंस."

"चुकीचं बोलतो काय मी?"

"बरोबर बोलतोस. दोन वर्षं ऐकतोय न्हवं." त्यानं तार हातात घेतली. "निवा, मला खेळाचं काय न्हाई. मला ती चार माणसं पाहिजेत. ती तुझ्या लिनक्सवर येत न्हाईत."

त्यानं पायडलांची तार नव्या मशीनला लावली आणि एकेक करून चारही दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाईच चालणार," मी म्हणालो. "ती फक्त लिनक्सवर चालत्यात."

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, दुसरं काही करता येत नाही का रे, एवढं शिकलायस त्यातलं. मी म्हणालो, नाही. जुनं मशीन एका तासात पुन्हा उभं करून देतो, प्रोग्रॅमची नक्कल आहे माझ्याकडं दुकानात. खेळायचं तर त्यावर खेळ. मी वाढून घेतलं आणि जेवलो, भूक सपाटून लागली होती.

पुढं आठ दिवस आम्ही बोललो नाही. शिरीष दोनदा येऊन गेला. त्यानं इंटरनेटवरून कुठला तरी एक प्रोग्रॅम शोधून आणला, माझ्यासारखंच काम करणारा: पायडल दाबलं की कळ दाबल्याचं सोंग करायचं. त्यानं पायडलं चालू झाली. संध्याकाळी कामावरून आलो की दारातच मला फळीचा खटखट आवाज ऐकू यायचा, आणि प्रत्येक खटक्याला माझं टाळकं तापायचं. नगरसेवकाचा राग, शिरीषचा राग, त्या चकमकणाऱ्या पंख्यांचा राग. माझ्याशिवाय चालतंय ह्याचा राग सगळ्यांत जास्त होता, पण त्याला मी नाव दिलं नव्हतं.

नवव्या दिवशी रविवार होता. दुपारी टोळीचा सराव सामना होता, चौघं आपापल्या घरून आणि दादा इथून. दादानं आईला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला होता. मी आतल्या खोलीत पेपर तोंडावर धरून पडलो होतो. स्पीकरमधून प्रसन्नचा आवाज यायचा, "उद्या, डावीकडनं ये," आणि दादाची पायडलं वाजायची. प्रसन्न म्हणजे टोळीचा म्होरक्या, शाळेपासूनचा दादाचा दोस्त, त्याला उद्याच म्हणायचा. एकदा दादानं ओळीनं तिघांना उडवलं. चौघंही एकदम ओरडले आणि दादा हसला. तसं हसताना मी त्याला अपघातानंतर ऐकलं नव्हतं. पेपर बाजूला ठेवून मी ऐकत राहिलो.

मग फळीचा आवाज थांबला. मी दारापर्यंत आलो. स्क्रीनवर लाल पट्टी आली होती. पहारेकऱ्यानं त्या उसन्या प्रोग्रॅमला पकडलं होतं. माणसाऐवजी प्रोग्रॅम कळा दाबतोय, म्हणजे ही लबाडी आहे, म्हणून हा खेळाडू कायमचा बाद. ह्या मशीनवर दुसऱ्या नावानंही प्रवेश नाही. खेळातल्या सगळ्यांनाच ते दिसलं.

मग प्रसन्न बोलला. "उदय, काय लावलं होतंस रे तू?"

एवढंच. वाईट काही बोलला नाही तो. पण चार वर्षांपूर्वी त्यानं हे कधी विचारलं नसतं. दादानं स्पीकरची वायर काढली. आई दारात उभी राहून विचारत होती, काय झालं, लाईट गेली काय.

मी तोंड उघडलं होतं. सांगत नव्हतो मी, असं म्हणायला. सगळं भाषण जिभेवर तयार होतं: बघ तुझा पहारेकरी, बघ तुझं नवं मशीन. दादा खाली वाकला होता आणि डाव्या हाताच्या त्या एका अंगठ्यानं फळीवरची धूळ पुसत होता, पायडलांच्या मधली, खाचांतली. ते बघून मला तिथं उभं राहवेना. मी गाडीला किक मारली आणि दुकान गाठलं.

रविवार, दुकान बंद. अर्धंच शटर वर करून आत शिरलो आणि टेबलाचा तळातला खण उपसला. त्यात एक पाकीट होतं, न फोडलेलं. आत काड्यापेटीहून लहान बोर्ड. त्याला पायडलांच्या तारा जोडल्या की कुठल्याही कॉम्प्युटरला तो साधा कीबोर्ड वाटतो. विंडोज असो, लिनक्स असो, कॅफेतला असो, साताऱ्याच्या हॉलमधला असो. प्रोग्रॅम लागत नाही, सोंग नाही, पहारेकऱ्यानं पकडावं असं काही नाहीच.

मी घरी येऊन दादाच्या पायाशी बसलो. जुना जॉयस्टिकचा बोर्ड काढला, हा जोडला, सोल्डरचे डाग मारले. आईनं चहा आणून ठेवला होता, तो गार व्हायच्या आत काम झालं. तार नव्या मशीनला लावून मी दादाला म्हणालो, दाब. त्यानं कोरं पान उघडलं आणि एक पायडल दाबलं. अक्षर उमटलं. दुसरं दाबलं, तिसरं, चौथं. चारही अक्षरं ओळीनं आली.

"प्रोग्रॅम कुठला घातलास?"

"लागतच न्हाई."

"मग पहारेकरी?"

"त्याला हा कीबोर्डच दिसणार. काय करायचं न्हाई तो."

दादानं आणखी एकदा चारही पायडलं दाबली. मग त्याचं लक्ष माझ्या गुडघ्याशी पडलेल्या पाकिटाकडं गेलं. माल आला की पाकिटावर तारीख आणि काम लिहायचं, ही माझी दुकानातली सवय. मी स्वतःच स्वतःला लावलेली शिस्त, आणि त्याचाही मला गर्व होता. मी हात पुढं करायच्या आत त्यानं पाकीट उचललं. त्यावर निळ्या पेनानं माझ्या अक्षरात दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. खाली लिहिलं होतं: दादाची पायडलं.

हो, मी तो त्याच्यासाठीच मागवला होता. पायडलं करतानाच, पुण्याहून. आला त्या दिवशी तो हातात धरून मी दुकानात बसलो होतो, आणि मला कळलं की हा लावला तर दादा कुठल्याही मशीनवर जाऊन बसेल. शिरीषच्या दुकानात बसेल, प्रसन्नच्या घरी बसेल, आणि विंडोजवर बसेल. मग लेखासाठी माझ्या डोक्यात आधीच तयार असलेलं ते ठळक वाक्य खोटं पडलं असतं. माझ्या सगळ्या मतांना एकच जिवंत पुरावा मिळणार होता आणि तो दादा होता. म्हणून मी पाकीट खणात टाकलं, मोडका जॉयस्टिक उचलला आणि प्रोग्रॅम लिहायला बसलो. तीन आठवडे लागले मला तो लिहायला. अर्ध्या तासाचं काम टाळायला मी तीन आठवडे खपलो. कंपन्या माणसाला आपल्या दावणीला बांधतात म्हणून गावभर बोंबलणारा मी, आणि मी माझ्या भावाला बांधला होता.

ह्यातलं काहीच मी त्या दिवशी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती, दादानं तारीख वाचली होती. तो चिडला असता तर बरं झालं असतं, मी तयार होतो. त्यानं पाकिटाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"त्या पहारेकऱ्याला दिसत न्हवतं मला बोटं न्हाईत ते," तो म्हणाला. "तुला दिसत होतं."

साताऱ्याला टोळी गेली. पाचवा म्हणून त्यांनी उंब्रजचा एक पोरगा घेतला. बाद झालेलं नाव आयोजकांना चालत नव्हतं. प्रसन्ननं फोनवर त्यांच्याशी बराच वाद घातला, असं नंतर कानावर आलं. दादा त्या दिवशी नेहमीसारखा दुकानाच्या काउंटरवर होता.

ह्याला आता सहा वर्षं झाली. दादाचं लग्न झालं, त्यानं मलकापूरला वेगळं बिऱ्हाड केलं. आमचं भांडण नाही. सणाला येतो, माझ्या पोरीला उचलून घेतो, आईची औषधं तोच आणतो. नव्या नावानं, नव्या मशीनवर तो अजून खेळतो, आणि त्या चौघांतले दोघं अजून त्याच्याबरोबर खेळतात. मी अजून लिनक्सच वापरतो, माझी मतंही बदलली नाहीत, नवं कार्ड मला अजून लूटच वाटतं. फक्त कुणाला सांगायला जात नाही. तो लेख मी काढून टाकला.

गेल्या महिन्यात त्याच्या फळीवरचं तिसरं पायडल अडकायला लागलं. आईनं सांगितलं मला. दादा फळी गाडीला बांधून स्वतः कराडात आला आणि ती शिरीषकडं दुरुस्तीला टाकून गेला. मलकापूरहून शिरीषकडं जायचं तर माझं दुकान वाटेत लागतं.